कापूस वऱ्हाडचा, कायदा मँचेस्टरचा

१/ शेतमालाचा कायदा कोणाच्या मागणीवरून होतो? महाराष्ट्रातील बाजार समित्यांचा उगम शोधत गेल्यास वाट वऱ्हाडातील कापसाच्या बाजारांतून थेट इंग्लंडमधील गिरणीमालकांपर्यंत जाते. त्या वाटेचा हा धागा. #इतिहास #थ्रेड

२/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लँकशायरच्या गिरण्या मुख्यतः अमेरिकेतील गुलामांनी पिकवलेल्या कापसावर चालत. एकाच देशावरचे हे अवलंबित्व मालकांना धोक्याचे वाटे. १८४८ साली हिंदुस्थानातील कापूस लागवडीच्या चौकशीसाठी ब्रिटिश संसदेची समिती बसली. तिचे अध्यक्ष जॉन ब्राइट हे मँचेस्टरचे खासदार होते आणि स्वतः गिरणीमालकही.

३/ १८५७ साली मँचेस्टरमध्ये ‘कॉटन सप्लाय असोसिएशन’ स्थापन झाली. हिंदुस्थानात रस्ते, रेल्वे आणि बंदरे व्हावीत, कापूस स्वच्छ मिळावा, यासाठी तिने सरकारमागे तगादा लावला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा पुरवठा आटला आणि या मागण्यांना धार आली.

४/ भेसळीची तक्रार खोटी नव्हती. वजन वाढवण्यासाठी कापसात सरकी, माती, पाणी मिसळले जाई. १८६३ साली मुंबई इलाख्यात ‘कॉटन फ्रॉड्स ॲक्ट’ आला. निरीक्षक नेमले गेले, गाठी बांधणाऱ्या प्रेसना परवाना सक्तीचा झाला, भेसळ दंडनीय ठरली.

५/ मात्र कायद्याची नजर गाठीवर होती. ती पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडते, यावर नव्हती. पेरणीसाठी सावकाराकडून उचल घेतलेल्या कुणब्याला भाव ठरवताना फारसा आवाज नसे. १८६५ मध्ये यादवी संपली, भाव कोसळले. कर्ज मात्र तसेच राहिले.

६/ १८५३ च्या तहाने निझामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला वऱ्हाड हा कापसाचा मोठा प्रदेश. १८७० साली खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. एका बाजारगावासाठी व्हाइसरॉय येतो, यावरूनच कापसाचे वजन लक्षात यावे.

७/ १८८६ साली कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडासाठी ‘कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ’ लागू झाला. गिरण्यांना शुद्ध कापूस रास्त दरात मिळावा, हा त्यामागचा मुख्य हेतू. दलाल व मापाडी यांना परवाने लागू झाल्याने शेतकऱ्यालाही काही संरक्षण मिळाले, हे नाकारता येत नाही.

८/ पण बाजार चालवणाऱ्या समितीत व्यापाऱ्यांना जागा होती, नगरपालिकेला होती. कापूस पिकवणाऱ्याला नव्हती. या उणिवेवर शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात बोट ठेवले. म्हणजे कायद्यानंतर तीन दशकांनी.

९/ १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने उत्पादकांना समितीत स्थान दिले. १९३९ साली हीच चौकट इतर शेतमालाला लागू करणारा कायदा आला आणि १९६३ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला. पुढे याच समित्यांतही व्यापारी व पुढारी यांचे वर्चस्व वाढल्याच्या तक्रारी झाल्या, हेही नोंदवले पाहिजे.

१०/ २०२० चे तीन केंद्रीय कृषी कायदे २०२१ मध्ये मागे घेतले गेले. त्या वादातही प्रश्न जुनाच होता: मसुदा ठरताना कोणाचे म्हणणे ऐकले गेले? १८६३ आणि १८९७ च्या कायद्यांत गिरणीमालकाची गरज स्पष्ट उमटली, कारण त्याचा माणूस संसदेत बसला होता. वऱ्हाडच्या कास्तकाराला बाजार समितीतही खुर्ची नव्हती. म्हणून कोणताही कृषी कायदा वाचताना कलमांआधी समितीच्या रचनेचे पान उघडावे.