चारशे यार्डांची कोंडी ते ‘कॉस्केट’ : जुळवून घेणाऱ्या संगणकांचा इतिहास

१/ ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर अवघे चारशे यार्ड. एके दिवशी त्यांच्यातील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. तार कुठेही तुटली नव्हती.

२/ माहितीचा तुकडा पोहोचला नाही, की संगणक तो पुन्हा पाठवी. त्याने गर्दी वाढे, आणखी तुकडे गळत, आणि सगळेच पुन्हा पाठवू लागत.

३/ व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरेल्स यांच्यासह १९८८ मध्ये उपाय मांडला. तुकडा गळाला, की ती गर्दीची खूण समजून वेग एकदम उतरवावा. मग बेताबेताने वाढवावा. हे शहाणपण त्यांनी बर्कली युनिक्सच्या टीसीपीमध्ये बसवले. टपाल किंवा फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रामांतील एक ओळही बदलावी लागली नाही. माझ्या मते खरी क्रांती सूत्रापेक्षा या जागेच्या निवडीत होती.

४/ पण टीसीपीला एकच गोष्ट ठाऊक : सावकाश जा. चित्रफितीला ते पुरत नाही. उशिरा आलेली चौकट निरुपयोगी. त्यातच १९९१ मध्ये ‘कॉर्बा’ हे मानक आले. दूरच्या यंत्रावरील घटकाला शेजारी असल्यासारखी हाक मारता येऊ लागली. अंतर इतके बेमालूम लपले, की वाट तुंबल्याचे प्रोग्रामला कळेना. मग जो तो आपापल्या प्रोग्रामात जुळवून घेण्याची कलमे घुसडू लागला. ती तिथेच इतकी गुंतत, की दुसरीकडे उचलून नेणे अशक्य.

५/ इथे बीबीएन ही मॅसॅच्युसेट्समधील संस्था येते. (१९६९ मध्ये अर्पानेटची पहिली जोडयंत्रे घडवणारी तीच!) जॉन झिंकी, डेव्हिड बेकन आणि रिचर्ड शँट्झ यांनी १९९७ मध्ये ‘क्वालिटी ऑब्जेक्ट्स’ ही रचना मांडली. तीत एक ‘करार’ असे. परिस्थिती कोणत्या टप्प्यात आहे, हे तो मोजमापांवरून ठरवी. दूरच्या घटकाच्या दारात ‘डेलिगेट’ म्हणजे प्रतिनिधी उभा राही आणि टप्प्यानुसार वागणूक बदली. मूळ प्रोग्रामला याचा पत्ताही नसे.

६/ पुढे हे सारे एका गाठोड्यात बांधून दुसऱ्या प्रोग्रामला देता यावे, म्हणून ‘कॉस्केट’ जन्मले. वैमानिकरहित विमानाच्या चित्रणावर हे तंत्र आजमावले गेले : वाट अरुंद झाली, की ज्यांच्यावर इतर चौकटी अवलंबून नाहीत त्या आधी गाळायच्या. पण पाहणाऱ्याला सलग हालचाल हवी की स्पष्ट चित्र? पैसा अमेरिकी संरक्षण खात्याचा होता, तेव्हा हा प्रश्न रुचीपुरता नव्हता. गाठोडे मोजणार, गाळणार, सावरणार. काय गमावलेले चालेल हे मात्र प्रत्येक वेळी माणसानेच सांगायचे.

७/ २०१२ मध्ये नेटफ्लिक्सने ‘हिस्ट्रिक्स’ खुले केले. ते जावापुरते होते. २०१६ मध्ये लिफ्टचे ‘एन्व्हॉय’ आले आणि प्रतिनिधी प्रोग्रामच्या बाहेर, शेजारी स्वतंत्र उभा राहिला; भाषेचे बंधन गेले. थेट वंशावळीचा दावा मी करत नाही, पण दारातली जागा तीच. आणि सेवा कोलमडल्यावर ग्राहकाला जुनी माहिती दाखवावी की कोरी चौकट, हे एन्व्हॉयलाही बाहेरूनच सांगावे लागते.