हरवलेल्या निळ्या धाग्याची कुळकथा

यहुदी पुरुष प्रार्थनेच्या वेळी जे शुभ्र वस्त्र खांद्यांवरून पांघरतो, त्या ‘तल्लीथ’चे माहात्म्य वस्त्रात नसून त्याच्या चारी कोपऱ्यांना लोंबणाऱ्या गोंड्यांत आहे. यहुदी धर्मग्रंथांपैकी ‘गणना’ या ग्रंथाच्या १५व्या अध्यायातील हुकुमाप्रमाणे हे गोंडे दृष्टीस पडताच ईश्वराच्या आज्ञांचे स्मरण व्हावयाचे, आणि प्रत्येकात ‘तेखेलेत’चा, म्हणजे सागरी जीवापासून काढलेल्या निळ्या रंगाचा, एक धागा असावयाचा.

हा निळा समुद्रासारखा, समुद्र आकाशासारखा आणि आकाश ईश्वराच्या सिंहासनासारखे, अशी उपपत्ती रब्बी (धर्मगुरू) मेईर यांच्या नावावर तालमूद या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथात दाखल आहे. परंतु मला अधिक मार्मिक वाटते ती दुसरीच गोष्ट. लोकर आणि लिनन यांचे मिश्र वस्त्र यहुद्यांस निषिद्ध असता महायाजकाच्या पोशाखात ते विहित होते, आणि लिननच्या वस्त्राला लोकरीचा निळा धागा बांधण्याची मुभा धर्मशास्त्राने सामान्य माणसालाही दिली होती. याजकपणाचा एक धागा असा प्रत्येकाच्या पदरी पडे.

रंग महाग, तेव्हा लबाडी ओघानेच आली. ‘कला इलान’ या वनस्पतिजन्य रंगाने, म्हणजे बहुधा आपल्या नीळीनेच, रंगविलेला धागा तेखेलेत म्हणून खपविणाऱ्याचा हिशेब ईश्वर स्वतः चुकता करील, अशी तंबी तालमूद देतो. रोमन बादशहांनी सागरी शंखांपासून काढलेल्या अशा रंगांवर निर्बंध घातले, पुढे ते कसबच लोपले. पण निळ्याच्या अभावी पांढरे धागे बाद होत नाहीत, असा निर्णय तालमूदाचा पाया असलेल्या ‘मिशना’ या संहितेने आधीच देऊन ठेवलेला असल्याने आचार तगला.

१८८७च्या सुमारास पोलंडमधील राझिनच्या रब्बी लाइनर यांनी माकूळ माशापासून निळा रंग सिद्ध केला. १९१३ साली लंडन विद्यापीठास याच विषयावर प्रबंध सादर करणाऱ्या आयझॅक हर्झोग यांनी त्या रंगाची रसायनज्ञांकडून खातरजमा केली, तो निघाला प्रशियन ब्लू हा कृत्रिम रंग! मग संशोधकांची दृष्टी म्युरेक्स या सागरी शंखाकडे वळली, परंतु त्याचा रंग जांभळट उतरे. १९८०च्या दशकात ऑटो एल्स्नर यांना आढळले की रंगाचे द्रावण उन्हात धरले असता तो शुद्ध निळा होतो. गंमत अशी की हा निळा रासायनिकदृष्ट्या नीळीहून भिन्न नाही. ज्या नकलेला तालमूदाने दरडावले, तिच्यातही मूळ रंगद्रव्य हेच.

लाइनर यांचे अनुयायी राझिनपंथीय आजही माकुळाचाच धागा बांधतात, काहीजण म्युरेक्सचा. बहुसंख्य यहुद्यांचे गोंडे मात्र अद्यापि पांढरेच आहेत.