फर्ग्युसन जेन्किन्स : अचूकतेचा धनी

फर्ग्युसन जेन्किन्स (जन्म : १३ डिसेंबर १९४२, चॅटहॅम, ऑन्टारियो) हे अमेरिकेतील बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झालेले पहिले कॅनेडियन खेळाडू (१९९१). या उजव्या हाताच्या पिचरचे खरे बळ अचूकता हे होते. शिकागो कब्जकडून त्यांनी १९६७ ते १९७२ असे सलग सहा हंगाम प्रत्येकी किमान २० विजय मिळवले. तेही घरचे रिग्ली फील्ड फलंदाजांना धार्जिणे असताना. साय यंग पुरस्कार मिळाला त्या १९७१ मध्ये ३२५ डावांत त्यांनी अवघे ३७ ‘वॉक’ (चार दिशाहीन चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा पहिला बेस) दिले. १९८३ मध्ये ते थांबले तेव्हा खात्यावर २८४ विजय, ३,१९२ स्ट्राइकआउट आणि केवळ ९९७ वॉक होते. तीन हजारांवर स्ट्राइकआउट आणि हजाराच्या आत वॉक, असा मेळ तोवर कोणी साधला नव्हता. एवढे करूनही १९ हंगामांत पोस्टसीझनचा एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही.