उंबरठ्यापर्यंतची नव्वद वर्षे : महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनची वाटचाल

महाराष्ट्र राज्य एक असले, तरी रणजी करंडकात त्याचे संघ तीन आहेत. मुंबई महानगर आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्याचा मुंबई, नागपूर-अमरावतीकडील अकरा जिल्ह्यांचा विदर्भ आणि उरलेल्या मुलखाचा महाराष्ट्र. या तिसऱ्या संघाचा कारभार पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन पाहते. पुणे, नाशिक, खानदेश, सोलापूर, सांगली, कोल्हापूर, कोकणचा मोठा भाग आणि अख्खा मराठवाडा तिच्याकडे आहे. परभणीहून औंढा नागनाथकडे जाताना लागणारे हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारही तिच्याच हद्दीत. पैनगंगा ओलांडून वाशीम किंवा यवतमाळ जिल्ह्यात गेले की संघ बदलतो. अमका पोरगा रणजी खेळेल का, आयपीएलपर्यंत जाईल का, की जिल्ह्यावरच थांबेल, हा इकडच्या चहाच्या टपरीवरचा जुना वाद आहे. त्या वादाचा निकाल लागतो तो मात्र रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या पुण्यात.

संस्थेची स्थापना १९३४ ची. रणजी स्पर्धाही त्याच हंगामात सुरू झाली आणि महाराष्ट्राचा संघ पहिल्या वर्षापासून तीत उतरला. संघाला आकार दिला तो प्रा. दि. ब. देवधर यांनी. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या या गृहस्थांनी १९२६ मध्ये इंग्लंडहून आलेल्या गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या होत्या. भारताने पहिली अधिकृत कसोटी १९३२ मध्ये लॉर्ड्सवर खेळली, तेव्हा देवधर चाळिशीत पोहोचले होते. कसोटीची टोपी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. पण त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या विजयाच्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या, त्याही वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. पुढे १९४४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके ठोकली. १९९३ मध्ये, वयाची शंभरी पार करून ते गेले. भारताकडून अधिकृत कसोटी कधीच न खेळलेला माणूस संस्थेचा आद्यपुरुष ठरावा, ही गोष्ट पुढच्या नव्वद वर्षांत पुन्हा पुन्हा आठवावी लागते.

याच सुवर्णकाळात सांगलीच्या विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावांचा डोंगर रचला. रणजीतील हे पहिले त्रिशतक. त्यानंतर थोड्याच काळात हजारे बडोद्याला गेले आणि तेथूनच भारताचे कर्णधार झाले. आपल्या मैदानावर घडलेला खेळाडू दुसऱ्याच्या नावाने मोठा होण्याचा हा पहिला अनुभव. शेवटचा नव्हता.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पुण्यात करंडक येत होता, त्या वेळी जवळा बाजार कारभाराने हैदराबादशी जोडलेले होते आणि हैदराबादनेही १९३७-३८ मध्ये रणजी जिंकली होती. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांत, १६ ते १८ डिसेंबर १९४८ या दिवसांत, पूना क्लबच्या मैदानावर जे घडले ते संस्थेच्या इतिहासातले सर्वांत उजळ आणि तितकेच चुटपुट लावणारे पान आहे.

सामना काठियावाडविरुद्ध होता. पाहुण्यांचा डाव २३८ धावांत आटोपला आणि महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले. कमल भांडारकर यांच्यासह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ वर बाद झाले. निंबाळकर थांबले नाहीत. चौकारांमागून चौकार जात राहिले, ते डाव संपेपर्यंत ४९ झाले. त्या काळातला प्रथम श्रेणीतला सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम ब्रॅडमनच्या नावावर होता, १९३० मधला नाबाद ४५२. मध्यंतराला निंबाळकर ४४३ वर नाबाद होते आणि फलकावर महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा. विक्रम दहा धावांवर होता. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब. असा विक्रम आपल्या संघाविरुद्ध नोंदला जावा हे त्यांना रुचले नाही. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही जातो, असा त्यांचा पवित्रा होता. महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांनी आणखी दोन षटके खेळू द्यावीत म्हणून विनवून पाहिले. पाहुण्यांचा संघ सामान आवरून स्टेशनकडे निघाला.

निंबाळकरांना भारताकडून एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. २०१२ मध्ये कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. गुणवत्ता असेल तर पोरगा वर जातोच, असे छातीठोकपणे सांगणाऱ्याला गप्प करायला जाणकारांना एवढे एक नाव पुरते.

१९६० ला राज्य स्थापन झाले. त्यानंतरचा काळ संस्थेसाठी कसोटीचा होता, कारण शेजारी मुंबई होती. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे मुंबईने करंडक हातातून सोडला नाही आणि महाराष्ट्राची गाठ पश्चिम विभागातच दरवर्षी तिच्याशी पडायची. विभागात दुसरे येणे म्हणजे घरी जाणे. १९७०-७१ मध्ये प्रत्येक विभागातील दोन संघांना पुढे जाण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्र लगेच अंतिम फेरीत पोहोचला. मुंबईचे बडे खेळाडू तेव्हा वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते, सुधीर नाईक त्यांच्या दुय्यम संघाचे कर्णधार होते, तरीही महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. चंदू बोर्डे यांच्या ५५ कसोटी, हेमंत कानिटकर यांचे १९७४ मधले बंगळुरूचे कसोटी पदार्पण, पदार्पणातच एका डावात पाच झेल टिपणारे यजुर्वेंद्र सिंग, ही त्या पिढीची जमेची बाजू. दुसऱ्या बाजूला वेगवान गोलंदाज पांडुरंग साळगावकर. ते भारताच्या दारापर्यंत गेले आणि अधिकृत कसोटी न खेळता परतले.

जिल्ह्यांपर्यंत खेळ नेण्याचे काम या काळात संथ, पण चिवटपणे होत राहिले. संलग्न जिल्हा संघटना, त्यांचे बिनपगारी सचिव, शाळांचे क्रीडाशिक्षक, स्वतःच्या खिशातून चेंडू आणणारे प्रशिक्षक यांची नावे कोणत्याही धावफलकावर येत नाहीत. मराठवाड्याची अडचण जमिनीपासूनच सुरू होते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात पाय धरून ठेवते. म्हणून खेळ व्हायचा तो टणक पट्टीवर काथ्याची मॅट ताणून, कडेने खिळे ठोकून. मॅटवर चेंडू छातीपर्यंत उसळतो, त्यामुळे मुलाचे वजन आपोआप मागच्या पायावर जाते. तोच मुलगा निवड चाचणीसाठी पुण्याच्या टर्फवर उभा राहिला की चेंडू गुडघ्याखाली राहतो आणि पहिल्या दहा मिनिटांत यष्टी उडते. निवड समितीला दिसतात ती तीच दहा मिनिटे. गावात टेनिस बॉलवर षटकारांचा पाऊस पाडणारा पुढे का गेला नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा या उसळीतच असते. वशिल्याचे कारण त्यामानाने फार पटकन दिले जाते.

पुढची चढण सर्वांना सारखीच आहे. आधी जिल्ह्याचा संघ. मग असोसिएशनच्या निमंत्रितांच्या स्पर्धा, जिथे जिल्हे आणि पुण्यातले क्लब समोरासमोर येतात. त्यातून संभाव्य खेळाडूंचे शिबिर आणि वयोगटाप्रमाणे विजय मर्चंट, कूचबिहार किंवा सी. के. नायडू करंडकाचा संघ. रणजी त्याही पुढे. सोळा वर्षांखालच्या गटात हाडांच्या वयाची तपासणी होते, आणि तिने किती जणांचे गणित बिघडवले हा टपरीवरचा वेगळाच अध्याय आहे.

१९९२-९३ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि लुधियानात पंजाबकडून हरला. सुरेंद्र भावे हे त्या पर्वाचे नाव. प्रथम श्रेणीत अठ्ठावन्नच्या आसपास सरासरी राखूनही त्यांना भारताची टोपी मिळाली नाही. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवर मात्र बसले. हृषीकेश कानिटकर यांचा जानेवारी १९९८ मधला पाकिस्तानविरुद्धचा ढाक्यातला विजयी चौकार अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. मराठवाड्यापुरते बोलायचे तर बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर २००२ मध्ये हेडिंग्लेवर ६८ धावांची झुंजार खेळी करून गेले. रणजीत ते रेल्वेकडून खेळत.

संस्थेला हक्काचे घर नव्हते. पुण्याचे नेहरू स्टेडियम महापालिकेचे. १९९६ च्या विश्वचषकात तेथेच केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळले होते. स्वतःचे मैदान हवे, या निश्चयातून द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे स्टेडियम उभे राहिले आणि एप्रिल २०१२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. प्रायोजकाशी असलेला करार मोडला, २०१३ मध्ये स्टेडियमवरून त्याचे नाव उतरले आणि कर्जाचा भार संस्थेच्या अंगावर राहिला. तो बराच काळ सोसावा लागला. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनी ‘एक राज्य, एक मत’ हे सूत्र पुढे आणले आणि राज्यातील तिन्ही संघटनांच्या पूर्ण सदस्यत्वावर प्रश्नचिन्ह लागले. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सदस्यत्व कायम ठेवले. तसे झाले नसते, तर हिंगोलीच्या मुलाने कोणत्या दारावर थाप मारायची, हेच ठरवावे लागले असते. दरम्यान गहुंज्याने आपली किंमत दाखवली होती. १५ जानेवारी २०१७ ला इंग्लंडविरुद्ध ३५१ धावांचा पाठलाग करताना केदार जाधव यांनी ७६ चेंडूंत १२० धावा केल्या. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्राला रणजीच्या अंतिम फेरीत नेताना हंगामात सर्वाधिक १२२३ धावा काढणारे तेच.

त्याच सुमारास मराठवाड्याची नावे एकामागून एक पुढे येऊ लागली. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. तेव्हा त्याच्या भारतीय संघातील निवडीवर पैज लावायला कोणीही तयार झाले असते. ती निवड झाली नाही. अंकित बावणेने रणजीत वर्षानुवर्षे धावांच्या राशी घातल्या, भारत अ संघापर्यंत मजल मारली. अंबाजोगाईचा दिग्विजय देशमुख, ज्याला लोकांनी लहानपणी ‘काय पो छे’ चित्रपटात पाहिले होते, तो २०२० च्या हंगामासाठी मुंबई इंडियन्सकडे गेला. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये युवा विश्वविजेता झाला, चेन्नईने त्याला दीड कोटींना घेतले. बीडचा सचिन धस २०२४ च्या युवा विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ४ बाद ३२ अशा अवस्थेतून ९६ धावा करून संघाला अंतिम फेरीत घेऊन गेला.

जून २०२३ मध्ये संस्थेने महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली, आणि वादाची भाषाच बदलली. पूर्वी प्रश्न असायचा भारताचा, आता आयपीएलच्या लिलावाचा. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने पहिल्याच हंगामात ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, तेरा षटकार मारले आणि सहा महिन्यांत लखनौने त्याला २० लाखांना उचलले. छत्रपती संभाजी किंग्ज या नावाने मराठवाड्यालाही स्वतःचा म्हणावा असा संघ मिळाला. रत्नागिरी जेट्सने पहिली दोन्ही विजेतेपदे मिळवली. मुलींसाठीही अशीच लीग २०२५ मध्ये सुरू झाली. ती थोडी आधी यायला हवी होती. सांगलीची स्मृती मानधना वयाच्या अकराव्या वर्षी राज्याच्या एकोणीस वर्षांखालील संघात आली आणि जगातील अव्वल फलंदाजांत जाऊन बसली. सोलापूरच्या किरण नवगिरेला मात्र नागालँडकडून नाबाद १६२ धावा काढल्यावर देशाने ओळखले.

करंडकाचा दुष्काळ अजून सरलेला नाही. १९४०-४१ नंतर रणजी पुण्यात आलेली नाही, आणि पैनगंगेपलीकडच्या विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा ती जिंकली. हा हिशेब हिंगोलीकडचे लोक विसरत नाहीत. २०२५-२६ साठी संस्थेने पृथ्वी शॉ आणि जलज सक्सेना यांना बाहेरून आणले, तेव्हा टपरीवरच्या वादाला नवी फोडणी मिळाली. बाहेरचे दोन आले म्हणजे जिल्ह्यातील दोन जागा गेल्या, असा एक पक्ष. अशा माणसांबरोबर नेटमध्ये महिनाभर घालवणे हीच आपल्या पोरांची कमाई, असा दुसरा. रणजीत सहा हजारांवर धावा आणि चारशेवर बळी असलेला जलज भारताकडून एकदाही खेळलेला नाही, हे दोन्ही पक्षांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमला त्याच्याच जुन्या संघाविरुद्ध, केरळविरुद्ध, महाराष्ट्राची अवस्था ५ बाद १८ झाली होती. ऋतुराज गायकवाडने ९१ केल्या, जलजने ४९. डाव २३९ पर्यंत गेला.