गर्भाशयमुख कर्करोग : स्वनमुना चाचणी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीसाठी स्त्रीने योनिमार्गातील स्रावाचा नमुना स्वतःच्या हाताने घेऊन एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) चाचणीला देण्याची पद्धत. डॉक्टरपुढे टेबलावर झोपून उपकरणाने आतली तपासणी करवून घेणे यात टळते. अशा तपासणीच्या संकोचापायी तिच्या वाटेलाच न गेलेल्या स्त्रियांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग म्हणून आशियातील अनेक देशांत, तसेच परदेशी स्थायिक झालेल्या आशियाई स्त्रियांमध्ये ही पद्धत वापरली जात आहे.

हा कर्करोग बहुतांशी एचपीव्हीच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. विषाणूचा हा संबंध दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे ७० टक्के रुग्णांच्या मुळाशी या विषाणूचे १६ व १८ हे दोन प्रकार असतात. बहुतेक संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप जातात. जे थोडे टिकून राहतात त्यांचे कर्करोगात रूपांतर झालेच तर त्याला साधारणपणे १५-२० वर्षे लागतात. तपासणीला वाव मिळतो तो या संथपणामुळे.

पॅप चाचणीत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, म्हणून नमुना गर्भाशयमुखावरूनच आणि सरावलेल्या हाताने घ्यावा लागतो. विषाणूचा डीएनए मात्र योनिस्रावातही सापडतो. त्यामुळे स्वतः घेतलेला नमुना एचपीव्ही चाचणीला चालतो, पॅपला चालत नाही. मऊ काडी किंवा छोटा ब्रश काही सेंटिमीटर आत सरकवायचा, हळूहळू फिरवायचा, बाहेर काढून नळीत ठेवायचा, की काम झाले. पाळीच्या दिवसांत नमुना घेत नाहीत. पीसीआर तंत्राने (विषाणूच्या डीएनएच्या असंख्य प्रती बनवून) तपासल्यास असा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले. काही जुन्या, स्वस्त तंत्रांबाबत तसे म्हणता येत नाही. चाचणीचा संच निवडताना हा फरक डोळ्याआड होता कामा नये.

रोगाचे प्रमाण आणि तपासणीपासून दूर राहण्याची कारणे सगळीकडे सारखी नाहीत. अमेरिकेत १९८८–९२ या काळात व्हिएतनामी वंशाच्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे पाचपट होते, तर जपानी वंशाच्या स्त्रियांमध्ये ते कमी होते. ‘आशियाई’ या एकाच रकान्यात साऱ्यांना कोंबणारी आकडेवारी म्हणून फसवी ठरते. भाषेची अडचण, विम्याचा अभाव, पुरुष डॉक्टरची लाज, आणि दुखत-खुपत नसताना दवाखान्यात कशाला जायचे ही धारणा, ही तिथे तपासणी टाळण्याची मुख्य कारणे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२४ मध्ये दवाखान्यात स्वतः नमुना घेण्यास आणि मे २०२५ मध्ये घरी वापरायच्या एका साधनास मान्यता दिली.

आशियात चीनच्या शान्शी प्रांतातील ग्रामीण स्त्रियांवर या पद्धतीचे आरंभीचे महत्त्वाचे अभ्यास झाले. संघटित कार्यक्रम म्हणून मलेशियातील ‘रोझ’चे उदाहरण पाहण्याजोगे आहे. मलाया विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियातील एक संस्था यांनी २०१८ मध्ये तो प्रायोगिक पातळीवर सुरू केला. स्त्री आरोग्यकेंद्रात स्वतः नमुना घेते, निकाल तिच्या मोबाइलवर येतो आणि बाधित स्त्रीला पुढच्या तपासणीपर्यंत नेण्याची जबाबदारी कार्यक्रमच उचलतो. कार्यक्रमाचे खरे बळ या शेवटच्या दुव्यात आहे. नमुना घरी घेता आला तरी कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुखाची भिंगातून तपासणी) आणि उपचार घरी होत नाहीत. बाधित ठरलेली बाई तिथवर पोहोचली नाही तर चाचणीने तिला फक्त घोर लावून दिला असे होते. मोबाइलवरच्या निकालालाही एक मर्यादा आहे. घरात एकच फोन आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल, तर निकाल आधी कोण वाचणार? हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो आणि संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो, हे आधी समजावून सांगितले नाही तर बाईवर नाहक संशय येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठरवलेल्या उद्दिष्टानुसार २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५ व्या वर्षापर्यंत पुन्हा एकदा उच्च दर्जाची चाचणी व्हायला हवी. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत संघटनेने एचपीव्ही चाचणीला प्राधान्य दिले आणि तिच्यासाठी स्वनमुनाही ग्राह्य मानला. सर्वसाधारण स्त्रियांसाठी ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी चाचणी पुरेशी समजली जाते. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल तर मात्र या चाचणीवर विसंबू नये, थेट डॉक्टरकडे जावे.

भारतात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि ८० हजार मृत्यू अंदाजिले गेले. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या दोन टक्क्यांहूनही कमी स्त्रियांनी कधीतरी ही तपासणी करून घेतली होती. सरकारी कार्यक्रमाचा भर अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याच्या स्वस्त पद्धतीवर आहे. एचपीव्ही चाचणीच्या उपयुक्ततेचा जगात मानला गेलेला एक ठोस पुरावा मात्र महाराष्ट्रातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासात एका फेरीच्या एचपीव्ही चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे नमुने आरोग्यसेविकांनी घेतले होते. आता चाचण्याही देशातच बनतात. २०२५ मध्ये प्रमाणित झालेल्या दोन देशी एचपीव्ही चाचण्यांपैकी एक पुण्याच्या मायलॅबची, दुसरी गोव्याच्या मोलबायोची आहे. मोलबायोची चाचणी ज्या बॅटरीवर चालणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर होते, ते क्षयरोगाच्या निदानासाठी अनेक सरकारी आरोग्यकेंद्रांत आधीपासूनच वापरात आहे.