शत्रूविना रणभूमी : मुंबईचा पूर्व किनारा

दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर शत्रूच्या विमानाने एकही बॉम्ब टाकला नाही. तरीही युद्धाने या शहराला एक खोल जखम दिली, आणि तिच्या खुणा शोधायच्या तर मरीन ड्राइव्हकडे पाठ फिरवून पूर्व किनाऱ्याकडे वळावे लागते. मशीद बंदर, गोदी, भायखळा, फोर्ट, परळ. सकाळी लवकर निघाल्यास हा फेरा एका दिवसात पुरा होतो.

आरंभ मशीद बंदरच्या पी. डी'मेलो मार्गावर करावा. ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत गेले की खलाशांचे जुने वसतिगृह लागते. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर मिळाली नाही, अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक येथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील व्यापारी जहाजांवरचे सहा हजारांहून अधिक खलाशी आणि नौदलातील सुमारे चारशे जण यांचीही येथे नोंद आहे. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे आणि गोव्याचे लोक मोठ्या संख्येने असत. कोळसा ओढणारे, दोरखंड सांभाळणारे, स्वयंपाकी. युद्धाच्या इतिहासात सेनापतींना प्रकरणे मिळाली; यांच्या वाट्याला नावापुरती ओळ आली.

तेथून जवळच व्हिक्टोरिया गोदी. परवान्यावाचून फाटकाच्या आत जाता येत नाही, आणि गेले तरी जुनी गोदी आता बुजवलेली आहे. पण 1944 च्या त्या शुक्रवारची कथा याच जागेची.

'फोर्ट स्टिकिन' हे सात हजार टनी जहाज 24 फेब्रुवारीला इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे 12 एप्रिलला मुंबईत पोहोचले. पोटात सुमारे 1400 टन दारूगोळा आणि रिझर्व्ह बँकेसाठीच्या सोन्याच्या 124 विटा. कराचीला त्यात कापसाच्या 8700 गासड्या, वंगणतेल आणि लाकूडही भरले गेले. दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरात खाली कापूस आणि वर स्फोटके अशी रचना झाली. शांततेच्या काळात असा माल गोदीबाहेर पडावात उतरवीत; स्फोटके असल्याची खूण म्हणून जहाजावर लाल बावटा लावीत. युद्धाच्या घाईत जहाज थेट गोदीत आले, आणि बावटाही लागला नाही.

14 एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास तळघरातून धूर दिसला. बंब आले, शेकडो टन पाणी ओतले गेले. पण आग कापसाच्या गाभ्यात होती. जहाज बुडवावे, की ओढून समुद्रात न्यावे, की आहे तेथेच विझवावे? निर्णयाचा अधिकार कोणा एकाकडे नव्हता. कप्तान, बंदराचे अधिकारी, लष्कराचे लोक आणि अग्निशमन दल सल्लामसलत करीत राहिले, आणि ही दोन तासांची वेळ हातची गेली. खरा अपराध कोणाच्या विडीकाडीचा नव्हे, या रिकाम्या दोन तासांचा म्हणावा लागेल.

4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. 4 वाजून 34 मिनिटांनी दुसरा, अधिक भयंकर. शेजारचे 'जलपद्म' जहाज उचलले जाऊन धक्क्यावरच्या गोदामावर आदळले. सुमारे 1700 किलोमीटर दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्का नोंदला गेला. पेटता कापूस वस्त्यांवर बरसला. सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. गोदीत नोंदीवाचून राबणाऱ्यांची गणती कोण करणार? सोन्याची एक वीट मैलभर दूरच्या एका घराच्या व्हरांड्यात जाऊन पडली. विटांची कथा आजही चवीने सांगितली जाते, माणसांची क्वचितच.

बातमीही दाबली गेली. ती प्रथम जगाला ऐकवली जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने. हिंदुस्थानातील वृत्तपत्रांना मोकळीक मिळाली मे महिन्यात. आठ हजार माणसांनी सात महिने राबून सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसला, तेव्हा गोदी पुन्हा चालती झाली.

भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात या दिवशी गेलेल्या 66 जवानांचे स्मारक आहे. देशभर 14 एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ. योगायोगाने तोच आंबेडकर जयंतीचा दिवस. जयंतीला निघालेल्यांनी वाटेत येथे पाच मिनिटे थांबायला हरकत नाही.

दुपारनंतर फोर्टमधील कॅसल बॅरॅक्स, म्हणजे आजचे आयएनएस आंग्रे, बाहेरूनच पाहावे लागते. युद्ध संपले, पण युद्धासाठी भरती केलेल्या नौसैनिकांना निकृष्ट अन्न आणि वर्णभेदाची वागणूकच मिळत राहिली. 18 फेब्रुवारी 1946 रोजी कुलाब्याच्या 'तलवार' तळावर संप सुरू झाला. 21 तारखेला कॅसल बॅरॅक्समध्ये प्रत्यक्ष गोळीबार झाला. उपाशी नौसैनिकांसाठी मुंबईकर गेटवेपाशी अन्न घेऊन गेले.

शेवटचा टप्पा परळ. 22 फेब्रुवारीला गिरण्या बंद ठेवून कामगार रस्त्यावर उतरले आणि लष्कराने गोळ्या चालवल्या. परळला कमल दोंदे यांचा मृत्यू झाला, कुसुम रणदिवे जखमी झाल्या. त्या दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक नौसैनिक नव्हते, गिरणगावातले आणि गल्लीबोळांतले लोक होते. 23 तारखेला नौसैनिकांनी शरणागतीचे काळे बावटे चढवले, तेव्हा परळ-लालबागच्या चाळींत अंत्ययात्रांची तयारी चालली होती.