आडनाव बदला, बाकी सगळं तेच ठेवा

आमच्या धंद्यात एखाद्या गोष्टीने खरंच फरक पडतो का, हे ठरवायची साधी रीत आहे. एकाच पानाच्या दोन प्रती करायच्या, एकच गोष्ट बदलायची आणि लोक कुठे जास्त क्लिक करतात ते मोजायचं. ए/बी टेस्ट. बटण निळं की हिरवं यावर आपण किती दिवस घालवतो ते सांगायला नकोच. हीच रीत वीसेक वर्षांपूर्वी दिल्लीत जातीच्या प्रश्नाला लावली गेली होती. आयटीतल्या ओळखीच्या फार कमी लोकांना हे ठाऊक असतं, म्हणून आजचा हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००४ साली केंद्रात आलेल्या आघाडी सरकारच्या किमान समान कार्यक्रमात खाजगी क्षेत्रातही मागासवर्गीयांना संधी मिळावी असा मुद्दा होता. त्यावर बराच गदारोळ झाला. उद्योगांचं म्हणणं थोडक्यात असं, की आम्ही जात बघतच नाही, फक्त मेरिट बघतो. आता गंमत बघा, हे खोडून काढायचं तरी कसं? सरकारी नोकरीत निदान रोस्टर असतं, याद्या लागतात. खाजगी कंपनीकडे अर्ज पाठवला की एकतर फोन येतो, नाहीतर येत नाही. न आलेल्या फोनची तक्रार कुणाकडे करणार? मार्क कमी पडले असतील, अर्ज उशिरा गेला असेल, असं मनाशी म्हणून माणूस पुढचा अर्ज लिहितो. एकट्या उमेदवाराला खरं कारण कधीच कळणार नाही.

ते कळायला हजारो अर्ज हवेत. ते पाठवले सुखदेव थोरात यांनी. जन्म १९४९, अमरावती जिल्ह्यातला. शिक्षण औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयात, म्हणजे बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये सुरू केलेल्या कॉलेजात. पुढे दिल्लीच्या जेएनयूत अर्थशास्त्राचे प्राध्यापक. २००३ साली दिल्लीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीज सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक.

पद्धत मूळची अमेरिकेतली. बोस्टन आणि शिकागोत सुमारे ५००० बनावट रेझ्युमे पाठवून बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांनी २००४ साली दाखवून दिलं होतं, की गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त फोन येतात. थोरात आणि न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचे पॉल अॅटवेल यांनी हे भारतात करून पाहिलं. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या जाहिराती घ्यायच्या. खाजगी कंपन्या, पदवी लागणारी, पण फार खास कौशल्य न मागणारी सुरुवातीची नोकरी. प्रत्येक जाहिरातीला सारख्याच शिक्षणाचे आणि अनुभवाचे अर्ज. एकावर सवर्ण हिंदू आडनाव, एकावर दलित आडनाव, एकावर मुस्लिम नाव. कुठेही जात लिहिलेली नाही! ६६ आठवडे हे चाललं. ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज.

निकाल १३ ऑक्टोबर २००७ च्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला. सवर्ण नावाला बोलावणं येण्याचे ऑड्स १ धरले, तर दलित नावाचे ०.६७ आणि मुस्लिम नावाचे ०.३३. (ऑड्स म्हणजे टक्केवारी नव्हे. बोलावणी भागिले न आलेली बोलावणी. आकडेवाल्यांनी लगेच कॉमेंट टाकू नये.) म्हणजे मुलाखतीचं दार उघडायच्या आधी, कुणी समोरासमोर बसायच्या आधीच ही चाळणी लागली होती.

आपल्याकडे तर आडनावावरून नक्की जात कळेलच असंही नाही. थोरात हेच आडनाव घ्या, ते मराठ्यांतही आहे. म्हणूनच आपल्याकडे पुढचा प्रश्न तयार असतो, "मूळचे कुठले तुम्ही?"

हे संशोधन चालू असतानाच, २००६ मध्ये, थोरात यूजीसीचे अध्यक्ष झाले आणि २०११ पर्यंत राहिले. त्याच वर्षी आरक्षणविरोधी आंदोलनाने एम्स दुमदुमलं होतं. तिथल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारी तपासायला नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच. २००७ च्या अहवालात वर्गात, परीक्षेत, हॉस्टेलात होणाऱ्या भेदभावाची नोंद आहे. संस्थेच्या प्रशासनाने तो अहवाल मानला नाही. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. विद्यापीठांच्या शिखर संस्थेच्या खुर्चीत बसलेला माणूस कंपन्यांना जे विचारत होता, तेच शिक्षणसंस्थांनाही विचारत होता. असं आपल्याकडे क्वचितच होतं.

असो. आता आपल्या गल्लीत येऊ. २००९ मध्ये बॅनर्जी, बर्ट्रांड, दत्ता आणि मुल्लैनाथन यांचा दिल्ली परिसराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३७१ जागा, ३१६० अर्ज, आणि नोकऱ्या सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या. सॉफ्टवेअरमध्ये जातीनुसार भेदभावाचा पुरावा मिळाला नाही! कॉल सेंटरमध्ये मात्र फरक दिसला, विशेषतः ओबीसी नावांबाबत. मुस्लिम नावांना दोन्हीकडे फरक आढळला नाही. म्हणजे थोरातांचे आकडे जसेच्या तसे सगळीकडे लावता येत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. जावा येते की नाही ते कागदावर बरंचसं कळतं. "बोलणं-चालणं कसं आहे" हे नाही कळत, आणि जिथे कळत नाही तिथे आडनाव मदतीला येतं, असा एक तर्क.

पण आपण कॉलर ताठ करायच्या आधी एक लक्षात घ्या. हे सगळे प्रयोग फोन येईपर्यंतच मोजतात. पुढचं सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी वीकलीच्या त्याच अंकात लिहिलंय. त्यांनी दिल्लीतल्या २५ एचआर मॅनेजरांशी गप्पा मारल्या. मेरिटबद्दल सगळ्यांचं एकमत. आणि मुलाखतीत काय विचारता? तर फॅमिली बॅकग्राउंड. वडील काय करतात, भावंडं कुठे शिकली, घर शहरात की गावात. यातून उमेदवाराची जडणघडण कळते, असं त्यांचं म्हणणं. जात विचारतो असं त्यांच्यातल्या कुणालाच वाटत नव्हतं.

माझ्या आजवरच्या चारपैकी तीन मुलाखतींत "वडील काय करतात?" हा प्रश्न आलाय. मी दर वेळी उत्तर देऊन पुढे गेलो, कारण मला ते सोपं होतं.